सातासमुद्रापारचा गोठा

मराठी घराने गेल्या शंभर वर्षांत किती प्रगती केली हे पाहायचे असेल, तर ते घर गोठ्यापासून किती लांब गेले ते मोजावे. पणजोबांच्या पडवीला लागूनच गोठा होता. आजोबा शिकले आणि तालुक्याच्या कचेरीत चिकटले. वडील शहरात चौथ्या मजल्यावर पोचले आणि दूध पिशवीतून येऊ लागले. शेणात हात घालावा लागू नये एवढ्यासाठी दोन पिढ्यांनी परीक्षा दिल्या. आता चौथ्या पिढीतली मुलगी बँकेकडून शैक्षणिक कर्ज घेते, इंग्रजीची परीक्षा देते, व्हिसाच्या रांगेत उभी राहते आणि अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एम्स नावाच्या गावी जाऊन पहाटे पाच वाजता गमबूट घालून गोठ्यात शिरते. तिथे तिला शेणाला एक ते पाच गुण द्यायला शिकवतात. पाण्यासारखे पातळ असले तर एक, गोवरीसारखे घट्ट असले तर पाच, आणि तीनच्या आसपास असले तर गाय, प्राध्यापक आणि विद्यार्थिनी तिघेही समाधानी. हे सगळे पणजीला उंबऱ्यातून नुसते बघून कळत असे, पण तिला कोणी पदवी दिली नाही.

या विषयाला पशुविज्ञान म्हणतात, आणि त्याबद्दल आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : म्हणजे ढोरांचा डॉक्टर ना? नव्हे. ढोरांचा डॉक्टर आजारी जनावराकडे जातो. पशुविज्ञानवाला ठणठणीत जनावराच्या मागे लागतो. त्याने काय खावे, किती खावे, कोणाशी संबंध ठेवावा, कधी गाभण राहावे, किती दूध द्यावे आणि शेवटी वजन किती भरावे, याची त्याला काळजी. लग्नाच्या बाजारात पहिल्याला 'डॉक्टर' तरी म्हणता येते, दुसऱ्याला काय म्हणावे हे अजून ठरलेले नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. पशुविज्ञान नावाच्या या शास्त्रात पशू बेताचा असतो आणि देश भरपूर असतो. एखाद्या समाजाला आपल्या जनावराकडून काय हवे आहे, ते कोणत्या हवेत, कोणत्या चाऱ्यावर, कोणत्या कायद्यात आणि कोणत्या देवाच्या साक्षीने हवे आहे, याची उत्तरे आधी ठरलेली असतात. शास्त्र नंतर येते आणि ती उत्तरे कोष्टकात बसवते. घरी राहून हे दिसत नाही, कारण आपला गोठा हाच जगाचा गोठा वाटतो. म्हणून जनावरांचा अभ्यास करायला परदेशी जाणे हा मला वेडेपणा वाटत नाही. वेडेपणा असलाच तर तो तिथे जाऊन नुसती जनावरेच पाहून येण्यात आहे.

आयोवाचेच घ्या. अमेरिकन संसदेने 1862 साली मॉरिल कायदा केला. राज्यांना जमिनी द्यायच्या, त्या विकून त्यांनी शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालये काढायची, असा तो कायदा. त्याच्या अटी सर्वांत आधी मान्य करणारे राज्य आयोवा. आज तिथे माणसे सुमारे 32 लाख आणि डुकरे दोन कोटींच्या वर, म्हणजे माणशी सात डुकरे पडतात. आजूबाजूला नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. तेव्हा पशुआहाराच्या वर्गात 'समतोल आहार' म्हणून जो फळ्यावर येतो तो मका आणि सोयाबीनची पेंड असाच असतो, यात नवल नाही. तो निसर्गनियम म्हणून शिकवला जातो, पण खिडकीतून बाहेर पाहिले की नियम कुठून आला ते कळते. याच राज्याच्या जत्रेत 1911 पासून लोण्याची गाय मांडतात. लाकडा-तारांच्या सांगाड्यावर पावणेतीनशे किलोंच्या आसपास लोणी थापून केलेली खऱ्या मापाची गाय, काचेच्या शीतगृहात उभी, आणि पाहायला रांगा. 1960 पासून तब्बल 46 वर्षे ही गाय घडवणाऱ्या नॉर्मा 'डफी' लायन यांनी आयोवा राज्य विद्यापीठातून पशुविज्ञानाचीच पदवी घेतली होती. त्यांना खरे तर पशुवैद्यक व्हायचे होते, पण तेव्हा त्या शाखेत बायकांना प्रवेश नव्हता. त्यांनी पुढे लोण्याचा एल्विस प्रेस्लीही केला. गोकुळाष्टमीला लोण्याचा कृष्ण करणाऱ्या देशातल्या विद्यार्थिनीला ही भक्ती ओळखीची वाटायला हरकत नाही. फक्त दैवत बदललेले आहे.

या भक्तीचा दुसरा प्रकार म्हणजे जनावरांच्या परीक्षणाच्या स्पर्धा. विद्यापीठांचे संघ असतात, प्रशिक्षक असतात, चषक असतात. चार जनावरे उभी करतात, त्यांचा पहिला-दुसरा-तिसरा-चौथा क्रम लावायचा आणि नंतर परीक्षकापुढे एकट्याने उभे राहून त्या क्रमाची कारणे न अडखळता तोंडी सांगायची. पहिल्या बैलाची कंबर रुंद, दुसऱ्याची चाल मोकळी, तिसऱ्याच्या मांडीत भर कमी. हे भाषण लिलाव पुकारणाऱ्याच्या वेगाने करतात, आणि ज्याने इंग्रजी पुस्तकातून शिकले त्याची पहिल्या सत्रात बोबडी वळते. आता आपला बैलबाजार आठवा. तिथेही पारख तेवढीच बारीक आहे. दात मोजतात, खूर पाहतात, वशिंड चाचपतात, चालवून बघतात. पण कारणे कोणी उच्चारत नाही. भाव ठरतो तो रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी, शेजाऱ्याला कळू नये म्हणून. एका देशात पारख म्हणजे चारचौघांत वाद जिंकणे, दुसऱ्यात पारख म्हणजे चारचौघांत काही न बोलणे. बैल दोन्हीकडे सारखाच कंटाळलेला. रुमालाखालच्या ज्ञानाला शास्त्रात जागा मिळत नाही, कारण ते कोणी छापले नाही, पण म्हणून ते खोटे ठरत नाही. आपला शेतकरी बैलाच्या अंगावरचे भोवरे बघून घेतो, आणि शिकलेला माणूस त्यावर हसतो. टेम्पल ग्रँडिन या कोलोराडोच्या प्राध्यापिकेने (अमेरिकेतल्या कत्तलखान्यांचे रस्ते जनावर बुजू नये असे वळणदार करून देणारी हीच बाई) 1990 च्या दशकात गुरांच्या कपाळावरचे भोवरे मोजले. भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली जनावरे जास्त बुजरी निघाली. शुभ-अशुभाचे काही सिद्ध झाले नाही, स्वभावाचे मात्र झाले. भोवऱ्याचा हा शोधनिबंध बारामतीच्या बाजारात वाचून दाखवला तर लोक विचारतील, यात नवीन काय?

परदेशी विद्यार्थ्याला खरे तर विमानतळावरच आपल्या विषयाची पहिली शिकवणी मिळते. अमेरिकेच्या जकातीच्या अर्जात प्रश्न असतो : आपण अलीकडे गुरांच्या जवळ गेला होता का? वाणिज्य शाखेचा मुलगा बेधडक 'नाही' लिहितो. पशुविज्ञानाच्या विद्यार्थ्याने खरे लिहिले की त्याचे बूट बाजूला घेऊन तपासतात. कारण साधे आहे. लाळ्या-खुरकूत हा रोग अमेरिकेत 1929 नंतर आलेला नाही आणि आपल्याकडे तो गेलेला नाही. तिथल्या प्राध्यापकाने तो रोग बहुधा चित्रात पाहिलेला असतो, आपल्या मुलाने तो अंगणात पाहिलेला असतो. म्हणजे ज्याला अनुभव आहे तो संशयित, आणि ज्याला नाही तो परीक्षक. यावर रागावण्यात अर्थ नाही, मी अमेरिकन असतो तर मीही बूट धुऊन घेतले असते. पण रोगमुक्त देशाचे शास्त्र आणि रोगासह जगणाऱ्या देशाचे शास्त्र एकाच पुस्तकात मावत नाही, एवढे त्या अर्जावरून ध्यानात यावे. पुढे गोठ्यात गेल्यावर आणखी एक धक्का असतो. संशोधनाच्या गायीच्या डाव्या कुशीला भोक पाडून त्याला रबरी झाकण बसवलेले असते. झाकण काढायचे, खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा आणि थेट पोटात हात घालून आतला चारा मूठभर काढायचा. गाय रवंथ करत उभी. आपल्याकडच्या समजुतीप्रमाणे तिच्या पोटात तेहतीस कोटी देव राहतात. तिथे हात घातल्यावर अब्जावधी जिवाणू सापडतात, आणि संख्येच्या बाबतीत आपले पूर्वज बरेच कमी बोलले असे म्हणावे लागते.

इथे शहाणा वाचक मला अडवील. तो म्हणेल, जिवाणू तर दोन्हीकडे तेच ना? गायीच्या पोटाचे चार कप्पे एम्समध्येही चार आणि अकलूजमध्येही चार. शरीरशास्त्राला पासपोर्ट लागत नाही. हा आक्षेप वजनदार आहे आणि निम्मा खरा आहे. वासराच्या जन्माचे उदाहरण घेऊ. गायीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये वासराला पोटात असताना मिळत नाहीत, ती मिळतात व्याल्यानंतरच्या पहिल्या चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांतच, नंतर वासराचे आतडे ती शोषून घेत नाही. म्हणून तिथे शिकवतात की तीन-चार लिटर चीक लगोलग वासराच्या पोटात गेला पाहिजे. हा नियम जगभर सारखा. पण हा धडा ऐकताना वर्गातल्या वीस मुलांपैकी एकाच्याच डोळ्यांसमोर वेलदोडा घातलेली, थरथरणारी, पांढरीशुभ्र वडी येते. खरवस नावाच्या पदार्थामुळे शरीरशास्त्राच्या एका निखालस सत्याला आपल्याकडे शेजारपाजारच्या मागणीशी सामना करावा लागतो. चिकातले पहिले दूध वासराला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे वाटीत, अशी तडजोड जाणत्या घरांत असते. पण ती तडजोड शिकवण्याचे काम आयोवाचा प्राध्यापक करणार नाही, त्याने खरवस खाल्लेलाच नाही. पोटाचे कप्पे चार हे शास्त्र झाले. त्या पोटात मक्याचा मुरघास जाणार, ज्वारीचा कडबा जाणार की ऊसतोडीच्या दिवसांत नुसते वाढे, हे शास्त्राबाहेर ठरते, आणि दुधाचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

दुसरे उदाहरण जरा जड आहे. अमेरिकन गाय वर्षाला सरासरी दहा हजार लिटरहून जास्त दूध देते, हा आकडा आपल्याकडे भाषणांत फार वापरतात. तीच गाय सरासरी पाचेक वर्षांची झाली की कळपातून बाहेर पडते, हा आकडा त्याच भाषणात नसतो. दूध कमी झालेली गाय काढून टाकणे हे तिथल्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण आहे, आकडेमोडीसह. महाराष्ट्रात गोहत्येवर 1976 च्या कायद्याने बंदी आली आणि 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. तो कायदा योग्य की अयोग्य यावर भांडायला इतर सदरे आहेत. माझे म्हणणे इतकेच, की ते प्रकरण वगळले तर पुस्तकातली पुढची सगळी गणिते चुकतात. परदेशात शिकून आलेला मुलगा भाकड गायीपुढे उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ सूत्र असते, पण त्या सूत्रातली एक संख्या आपल्याकडे लिहिताच येत नाही. आणि ही अडचण आहे हेसुद्धा त्यालाच कळते, कारण दोन्ही गोठे त्यानेच पाहिलेले असतात.

जनावरे मात्र आपल्यापेक्षा आधी परदेशी शिकायला गेली. हॉलंडच्या काळ्या-पांढऱ्या गायींपैकी पहिली गाय 1852 साली विन्थ्रॉप चेनरी या मॅसॅच्युसेट्सच्या गृहस्थाने एका डच जहाजावरून विकत घेतली. जहाजावरच्या लोकांना दूध मिळावे म्हणून ती बरोबर आणली होती, म्हणजे तिचे परदेशगमनही शिष्यवृत्तीविनाच झाले. मागाहून आणखी आल्या. अमेरिकेने त्यांना होल्स्टीन या नावाने शंभर-सव्वाशे वर्षे दुधाच्या एकाच विषयात तयार केले, आणि 1970 च्या दशकात याच वंशाच्या वळूंचे रेत हॉलंडला परत गेले. मायदेशी राहिलेल्या, दूधही देणाऱ्या आणि अंगानेही भरलेल्या जुन्या गायी त्या परदेशी शिकलेल्या बहिणींपुढे मागे पडल्या. हे आपल्या नातेवाइकांत घडते तसेच झाले. त्या उच्चशिक्षणाची किंमत अशी, की आज अमेरिकेत कृत्रिम रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या होल्स्टीन वळूंच्या बापांचा माग काढला तर जवळजवळ सगळे 1960 च्या दशकात जन्मलेल्या दोन वळूंपाशी पोचतात. सगोत्र म्हणून सोयरिक मोडणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हे वाचू नये. उलट दिशेचा प्रवास आपल्याच कृष्णाकाठाने केला. सांगली-मिरजेकडच्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या चिकट जमिनीत नांगर ओढण्यासाठी पैदा केलेली कृष्णाकाठची जात, गीर, कांक्रेजच्या जवळची 'गुझेरात' आणि आंध्रातली ओंगोल, यांच्या रक्तातून अमेरिकेत वशिंडवाल्या गुरांचा नवा वंश तयार झाला. ऊन सोसणारा, गोचिडांना दाद न देणारा. त्याचे नाव तिथे 'ब्राह्मन' आहे आणि त्याची कीर्ती मांसासाठी आहे. याहून जास्त मी लिहीत नाही, मासिकाकडे पत्रे फार येतात. टेक्सासात त्याची 1924 पासून संघटना आहे. खुद्द कृष्णाकाठी ती मूळची जात आता शोधावी लागते.

आता सर्वांत नेहमीचा आक्षेप : हे सगळे इथेच का शिकू नये? परळचे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 चे, नागपूरला 2000 सालापासून पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि 2019 च्या गणनेप्रमाणे देशात साडेएकोणीस कोटींजवळ गुरे आणि अकरा कोटींजवळ म्हशी आहेत. अभ्यासाच्या साहित्याचा तुटवडा म्हणता येणार नाही. इथे शिकणाऱ्याला मी अडवणार नाही, उलट खिल्लार बैल ओळखायला इथेच शिकावे. अमेरिकन मोजपट्टीत खिल्लार नापास होतो. दूध बेताचे, मांसाचा प्रश्नच नाही. त्याचे जे गुण आहेत, म्हणजे तडफ, पाय आणि पळ, त्यांना त्या कोष्टकात रकाना नाही. ज्या बैलाच्या शर्यतीसाठी 2014 पासून 2023 पर्यंत सर्वोच्च न्यायालयात झगडा चालला, तो तिथल्या पुस्तकात एका ओळीचाही धनी नाही. पण मुद्दा असा, की रकाना नाही हे कळायला आधी ते कोष्टक हातात यावे लागते. नुसते इथे शिकलेल्याला आपले कोष्टक सोयीचे आणि म्हणून सत्य वाटते. नुसते तिथे शिकलेल्याला त्यांचे छापील आणि म्हणून सत्य वाटते. दोन्ही वाचणाऱ्याला दोन्हींचे छापखाने दिसतात.

याचा धडधडीत पुरावा म्हशीचा आहे. अमेरिकेची राष्ट्रीय संशोधन परिषद कोणत्या प्राण्याला रोज किती पोषण लागते याची पुस्तके काढते, आणि जगभरच्या पशुविज्ञानाच्या वर्गांत ती प्रमाण मानतात. गायी, डुकरे, कोंबड्या, घोडे तर आहेतच. मिंक आणि कोल्हे यांच्यासाठी, म्हणजे बायकांच्या फरच्या कोटांसाठी, 1982 चे पुस्तक आहे. 2007 च्या पुस्तकात मेंढ्या-शेळ्यांबरोबर हरणे आहेत, लामा आणि अल्पाकाही आहेत. म्हशीचे पुस्तक नाही. भारतातले जवळपास निम्मे दूध देणारे जनावर त्या कपाटात सापडत नाही, कारण ते आयोवात सापडत नाही. आपल्या कृषी अनुसंधान परिषदेने गाय-म्हशींची स्वतःची कोष्टके केली, तेव्हा कुठे म्हशीला कागदावर जेवायला मिळाले. ही उपेक्षा जुनी आहे. सरकारी शिष्यवृत्तीवर डेअरी शिकायला म्हणून मिशिगनला गेलेल्या आणि मन धातुशास्त्रात ठेवून आलेल्या वर्गीस कुरियन यांना आणंदमध्ये परदेशी तज्ज्ञांनी सांगितले होते, की म्हशीच्या दुधाची पावडर होणे शक्य नाही, स्निग्धांश फार आहे. मिशिगनलाच शिकलेले हरिचंद्र दलाया कुरियन यांच्या सोबत होते. त्यांनी ती करून दाखवली, आणि 31 ऑक्टोबर 1955 रोजी त्या कारखान्याचे उद्घाटन नेहरूंनी केले. तज्ज्ञ खोटे बोलत नव्हते. त्यांच्या देशात म्हैस नव्हती, म्हणून त्यांच्या विज्ञानातही नव्हती. हे ओळखायला मिशिगनची विद्या लागली, आणि ती बाजूला ठेवायलाही.

राहता राहिले पैसे, आणि परत न येण्याची भीती. फी खरोखर जबर आहे, आणि परतल्यावर दोन म्हशीवाल्या शेतकऱ्याला सल्ला देऊन ती वसूल होत नाही, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. पुष्कळ मुले तिथल्याच खाद्यकंपन्यांत आणि प्रयोगशाळांत राहतात. त्यांना मी दोष देत नाही, होल्स्टीनही सव्वाशे वर्षांनी परतली. जी परत येतील त्यांना मात्र घरच्यांनी 'पगार किती' याआधी एक प्रश्न विचारावा. कोल्हापूरच्या गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर धार काढून देणाऱ्या पंढरपुरी म्हशीची शिंगे हात-दीड हात लांब, तलवारीसारखी मागे जातात. शिंगे लहानपणीच जाळून टाकलेल्या गायींच्या मापाने बांधलेला परदेशी गोठा तिला कुठून रुंद करावा लागेल? ज्याला याचे उत्तर सुचेल, किंवा निदान गोठाच चुकला आहे असे जो म्हणेल, त्याच्या कर्जाचे हप्ते सत्कारणी लागले असे समजावे.